पपईच्या देठातला सूर

एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळालं, तेव्हा कळलं की चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडलीय. इंदापूरच्या डॉक्टरांनी औषधं दिली, व्यायाम दिले. डोळा मिटायला लागला, तोंड मात्र सरळ होईना. मी पदराआड जेवू लागले. बाजारात भाजी घेऊन बसणं सोडलं. निमगाव केतकीला रस्त्याकडेला महादेवाचं देऊळ आहे, तिथं भर दुपारी, कुणी नसताना जायची. एकच मागणं, माझं तोंड होतं तसं कर. पुढं पुढं मागण्यातही जीव राहिला नाही. पिंडीसमोर बसून मी भलत्याच गोष्टींचा विचार करायची.

अशाच एका दुपारी एक अनोळखी बाई धावत आली. कडेवर तान्ही मुलगी.

"मावशी, सासूबाईंना एसटीतनं उतरल्या उतरल्या भोवळ आली. समोरच्या दवाखान्यात नेते, तेवढी पोरगी धरा!"

मी काही म्हणायच्या आत ती गेलीसुद्धा.

पोरगी रडून लाल झाली. तिनं माझा पदर ओढला नि वाकडं तोंड उघडं पडलं. वाटलं, आता आणखी घाबरेल. पण ती टक लावून बघत राहिली. बोटानं माझा लोंबलेला ओठ दाबून पाहिला, मग पुन्हा रडू लागली. काहीतरी करावं म्हणून देवळालगतच्या पपईखालचं पडलेलं पान उचललं, त्याचा पोकळ देठ मोडला आणि ओठांच्या मधोमध धरून फुंकलं. नुसती हवा गेली. तेवढ्यात तिनं देठाला हिसका दिला, तो डाव्या कोपऱ्याला सरकला आणि सूर निघाला. जाडाभरडा, पण सूरच. पोरगी गप्प झाली. मी पुन्हा फुंकलं.

माझे वडील कोऱ्हाळ्याच्या भजनात बासरी वाजवायचे, त्यांनीच मला शिकवली होती. लग्नानंतर सुटली. कुणी नको म्हटलं नव्हतं, संसारात राहूनच गेली.

बाई परतली. "आता बऱ्या हायेत त्या. आन् ही हसतीया! काय केलंत वो मावशी?"

"वाजवलं," मी म्हणाले. ती पोरीला घेऊन निघाली. गाव विचारायचंही सुचलं नाही.

घरी येऊन मालकांना म्हटलं, "माझ्या भावाकडनं बासरी आणायची."

"कुणाला?"

"मला."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "वाजंल का?"

"तेच बघायचंय."

बासरी डावीकडं सरकवून धरली. आधी वारंच जास्त. मग कधी मधला सूर सापडायचा, कधी वरचा. खालचा षड्ज फार उशिरा आला. आज काय निघेल याच उत्सुकतेनं मी सकाळी उठू लागले.

एकादशीच्या भजनाला पदर खांद्यावर घेऊन, बासरी ओठाला लावून बसले. सगळे बघत होते. अर्ध्यात श्वास गळाला नि मी बासरी खाली ठेवली. पखवाजावरचे तात्या म्हणाले, "थांबू नका, वहिनी. आमी सावकाश घेतो." त्यांनी लय संथ केली, माणसं माझ्या श्वासापुरती थांबत गाऊ लागली. अभंग पुरा झाला तेव्हा डोळे भरून आले होते.

तोंड अजून वाकडंच आहे. ती बाई नेमकी त्याच दुपारी कशी आली, हे मला उलगडलेलं नाही, आणि त्याचं ओझंही वाटत नाही. तिच्या रूपानं जे आलं त्याला रोज नमस्कार करते. देवाला आता असं कर, तसं कर म्हणत नाही. जो श्वास त्यानं ठेवलाय तो बासरीत सोडते आणि काय उमटतं ते ऐकत बसते.