तुम्ही बघायचात, मी वाचायचे

मी तांदूळ निवडत होते आणि माझा नवरा एका जपानी मुलीसाठी रडत होता.

सकाळचे साडेआठ. कुकर लावायचा होता, नळाचं पाणी जायच्या आत कपडे धुवायचे होते. आणि हे, पंचावन्न वर्षांचा माणूस, लेकीच्या लॅपटॉपसमोर मांडी घालून डोळे पुसत होते.

"पुढचं वाच ना गो," म्हणाले.

बाळाराम. माझे यजमान. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ते सुकापूरला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. मूर्ती कोणीही घडवो, रंग कोणीही देवो, शेवटी डोळे यांच्याच हातचे.

लॉकडाऊनमध्ये आमची जुई ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघत बसायची. हे एकदा चहाचा कप घेऊन तिच्या मागून गेले आणि तिथेच थांबले.

"हे डोळे कोनी काढले गो?"

समुद्राकाठी आजोबांजवळ राहणाऱ्या एका मुलीची मालिका होती. तिला वारा दिसतो. बाकी कुणालाच दिसत नाही.

बोलणं जपानी, खाली इंग्रजी सबटायटल्स. यांना इंग्रजी येत नव्हतं. मी सातवीपर्यंत शिकलेली, पण जुईच्या शाळेच्या पुस्तकांवर, मांडीवर डिक्शनरी घेऊन, इंग्रजी वाचायला शिकले होते. मग वाटणी ठरली.

"तू वाच. मी बगतो."

अठ्ठेचाळीस भाग मी असे मोठ्याने मराठीत सांगितले. एक डोळा ताटात, एक डोळा त्या ओळींवर.

त्या सकाळच्या भागात आजोबा गेले होते. मुलगी त्यांच्या रिकाम्या होडीशी बोलत होती. खाली ओळ आली, आय मिस यू.

मी सांगितलं, "आजोबा, मी तुम्हाला चुकले."

जुई आतून ओरडली, "आई! 'तुमची आठवण येते' असं आहे ते!"

"गप गो," हे म्हणाले. "आईनं सांगितलं तेच बरोबर हाय. वासरू चुकतं ना, तशी चुकलीय ती."

मग बातमी आली, या मालिकेचं लाइव्ह ॲक्शन होणार. खरी माणसं घेऊन.

जुईच्या फॅन ग्रुपवर नुसता गोंधळ. केस निळेच पाहिजेत. अठ्ठेचाळीस भाग आठ भागांत कसे कोंबणार? मुलगी बारा वर्षांची आणि नटी चांगली विशीतली. बॉयकॉट करा!

यांना टाइप करता येत नव्हतं. यांनी जुईच्या फोनवरून सरळ व्हॉइस मेसेज टाकला.

"नमस्कार. आमी पनवेलवरून बोलतोय."

मुलं आधी हसली. मग ऐकत गेली.

"गनपतीचं बुबूळ जरा खाली उतरवाला लागतं. नायतर तो पाया पडनाऱ्याच्या डोक्यावरून बगतो. या पोरीचं बुबूळ वाऱ्यावर ठेवलंय. कागदावर आपन ठेवू तिथं ते ऱ्हातं. जित्या मानसाचा डोळा कोन ठेवनार? मना तेवढीच भीती हाय."

कुणीतरी विचारलं, "मग काका, बॉयकॉट ना?"

"नाय नाय. बगायचं तर. मूर्ती शाडूची असो नायतर प्लास्टरची, डोळे जमले की हात आपसूक जोडतात."

तेव्हापासून ते 'डोळेवाले काका'. नवं पोस्टर आलं की मुलं आधी यांना विचारायची.

तीस वर्षं संसार केला. हा माणूस असं बोलू शकतो हे मला त्या मेसेजवरून कळलं.

ते लाइव्ह ॲक्शन येण्याआधीच हे गेले. कारखान्यातून घरी येताना, छातीत कळ येऊन. त्या दिवशी रांगेने मूर्ती उभ्या होत्या, डोळे राहिलेल्या.

गेल्या आठवड्यात लाइव्ह ॲक्शन आलं.

"आई, लावू?"

"नको."

मला भीती वाटत होती. जिवंत मुलीचा चेहरा एकदा नजरेत बसला, की यांची ती चितारलेली मुलगी पुसली जाईल.

जुई म्हणाली, "अगं, तू सगळे भाग पाहिलेस. अशी कशी विसरशील?"

"पाहिले नाहीत गं. वाचले."

तोंडातून गेलं आणि मग मलाच कळलं. अठ्ठेचाळीस भाग माझी नजर खालच्या दोन ओळींवर होती. त्या मुलीचे डोळे आठवायला गेले, तर आठवेचनात. आठवले ते यांचे, ओले झालेले.

परवा संध्याकाळी मीच म्हटलं, लाव.

हिंदीत डब केलेलं. वाचायला काहीच नाही. नजर आपोआप वर गेली.

केस सरळसरळ विगचे. वारा म्हणजे कॉम्प्युटरवर केलेला निळा धूर.

"धुपाटणं फिरवल्यासारखं वाटतंय," जुई वैतागली. ग्रुपवर शिव्या सुरूच होत्या.

मग तो होडीचा प्रसंग आला.

धूर नव्हता. संगीत नव्हतं. ती मुलगी नुसती बसली होती. तिने बुबूळ जरा खाली उतरवलं आणि पाण्याच्या थोडं वर, काहीच नसलेल्या जागी, ठेवलं.

हलू दिलं नाही.

मी जुईचा हात धरला. तिथे वारा होता. मी पाहिला.

ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "काकांनी हात जोडले असते." त्याखाली एकामागून एक नुसते जोडलेले हात.

जिवंत मुलीत एवढं उतरलं, तर ज्याच्यावरून उतरलं ते काय असेल! यांनी ते माझ्या शेजारी बसून पाहिलं होतं. हातभर अंतरावर. आणि मी खाली वाचत होते.

अहो, नमस्कार करते.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मी मूळ मालिकेचा पहिला भाग लावला. जुईकडून सबटायटल्स बंद करून घेतले आणि बघत बसले.