चालणारे काटे

वाटणीत धाकट्या भावाने दोन्ही चालत्या गाड्या घेतल्या आणि इंजिन नसलेला जुना ट्रक माझ्या गळ्यात मारला. तो सल अजून आहे. तरी ट्रक पुन्हा चालता करायचा आणि भावालाच शेजारी बसवून पहिली फेरी मारायची, असं मी ठरवलं होतं.

जुन्या बनावटीचं इंजिन तारापूरला एका मोडीत काढलेल्या होडीत मिळालं. आमच्याकडे ट्रकची इंजिनं म्हातारपणी समुद्रावर जातात. मी एक परत रस्त्यावर आणलं. मी भाव पाडू लागलो तशी होडीवाल्याची बायको म्हणाली, "शेट, इंजिन हाय ते, वाट्याचे बोंबील नाय." तरी घेतलं मी म्हटलेल्या किमतीलाच.

बोईसरच्या गॅरेजात ते बसवलं. तेलाचे आणि तापमानाचे काटे कित्येक वर्षं बंद होते, तेही नवे लावले.

पाम गावात भावाच्या दारात हॉर्न दिला. तो शेजारी चढला आणि केबिनमधल्या इंजिनाच्या झाकणावर त्याने तळहात ठेवला. वाटणीआधी, काटे बंद असताना, घाटात तो असाच बसायचा. तो सांगेल तेव्हा मी गाडी थांबवायचो.

"तापलं नाय, दादा."

"हात कशाला लावतोस? काटा बघ ना, चालतो आता!" माझा आवाज चढलाच.

त्याने काट्याकडे पाहिलं. "मंग माझं काय काम?" म्हणाला आणि उतरला.

फेरीचं बोलायचं राहूनच गेलं. किनाऱ्यापर्यंत एकटाच गेलो. काटा मधोमध होता, जराही सरकला नाही. वाटेत थांबायलाही काही निमित्त नव्हतं.