सहावं स्थान तिमोतेआच्या दारात

तिमोतेआशी वाद घालायला कुणी निघालं की आमच्या सान गासपारमध्ये म्हणतात, "जा बाबा, गिरणीत डोकं घालायची हौसच असेल तर घाल." तिची मक्याची गिरणी आहे. पहाटे पाचला ती पट्टा चढवते आणि अर्ध्या गावच्या बायका चुन्यात शिजवलेल्या मक्याची घमेली घेऊन तिच्या दारात रांग लावतात. कुणाचा मका कच्चा राहिलाय, कुणी चुना जास्त ओतलाय, हे ती नुसत्या वासावरून सांगते आणि सगळ्यांदेखत सांगते. नवीन लग्न झालेल्या पोरी तिला चळाचळा कापतात. माझी बायको चाबेला काही नवी नाही, तीही कापते.

तिचं घर चढावर आहे. खाली देऊळ, वर टेकडीवर काल्व्हारीची कपेल, म्हणजे छोटं देऊळ, आणि दोन्हींच्या मध्ये क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं, एकेका घराच्या दारात एकेक. उपवासकाळातल्या दर शुक्रवारी दुपारी तीनला आम्ही क्रूस वाहणाऱ्या येशूच्या मूर्तीला, म्हणजे आमच्या नाझरेनोला, पालखीत घालून वर नेतो. वीस खांदेकरी. पालखीच्या पुढच्या दांड्याला घंटा असते, ती बावीस वर्षं माझ्या हातात आहे. एक टोल म्हणजे थांबा आणि दांड्यांखाली बेचक्याच्या काठ्या लावा, दोन टोल म्हणजे उचला. माझा धंदा खोगिरं शिवायचा, पण गावात मला विचाराल तर घंटेवाला सेबियो म्हणूनच ओळखतात.

सहावं स्थान वेरोनिकाचं. गर्दीतून एक बाई पुढे येते आणि येशूचा चेहरा पुसते, ते. आमच्याकडे हे नुसतं वाचत नाहीत, करतात. नोव्हेंबरपासून पावसाचा थेंब नसतो, रस्ता कच्चा, त्यामुळे सहाव्या स्थानापर्यंत नाझरेनोचा चेहरा धुळीने पांढरा पडलेला असतो. त्या घरची बाई स्टुलावर चढते आणि कोरड्या फडक्याने तो पुसते. हे स्थान तिमोतेआच्या आईचं होतं. आईचे गुडघे गेल्यावर तिचं झालं.

आता आन्सेल्मोचं सांगायला हवं. तो सायकली दुरुस्त करतो आणि एकतीस वर्षं तिमोतेआबरोबर राहतो. एकोणिसाव्या वर्षी किनाऱ्याकडच्या एका गावात त्याचं लग्न लागलं होतं, देवळात, रीतसर. वर्ष भरायच्या आत ती बाई कलिंगडांच्या ट्रकवाल्याबरोबर निघून गेली आणि देवाच्या कृपेने अजून धडधाकट आहे. ती आहे तोवर देऊळ याचं दुसरं लग्न लावत नाही. म्हणून तिमोतेआ ख्रिस्तशरीराचा प्रसाद घ्यायला कधी उठत नाही. रविवारी मिस्सामध्ये सगळा गाव रांगेत निघतो, आणि ही एकटी बाकावर ताठ बसून असते. मागची जुनी पाद्रेमंडळी तिच्याकडे बघायची, मान हलवायची आणि शुक्रवारी तिच्याच दारात थांबायची.

मग आले पाद्रे इहिनियो. वय चौतीस, राजधानीतले, हातात कायम फाइल. माणूस वाईट नव्हता. म्हाताऱ्यांचं पापनिवेदन ऐकायला पायी डोंगर चढायचा. पण कागद दिसला नाही की त्याला माणूस दिसायचा नाही. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी त्यांनी तिमोतेआच्या कपाळाला राख लावली आणि रविवारी देवळाच्या दारावर यादी लावली. स्थानांची घरं यंदापासून देवळात लग्न झालेल्या जोडप्यांनाच. सहाव्या आकड्यापुढे नाव होतं दोन्या, म्हणजे बाईसाहेब, ओब्दुलियाचं.

ओब्दुलिया ही औषधांच्या दुकानवाल्याची बायको. लग्नाचा दाखला त्यांनी चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगलाय. नवऱ्याचा दुसरा संसार किनाऱ्यावर आहे, तिथे दोन पोरं आहेत, हे कोंबड्यांनासुद्धा माहीत आहे. पण त्याचा काही दाखला नाही, त्यामुळे फाइलमध्ये तो भानगडीत धरला जात नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ते उगाच नाही.

सोमवारी गिरणीच्या रांगेत सगळ्या यादीचंच कुजबुजत होत्या. शेवटी चाबेलाच म्हणाली, "दोन्या तिमो, यादी बघितलीत?"

"बघितली. अक्षर छान आहे पाद्रेंचं."

"मग आता?"

"आता काय? शुक्रवारी शुक्रवार येईल. तू आधी मका नीट शिजव, दात आहेत का चक्कीला?"

शुक्रवारी आम्ही चढावर आलो तर तिच्या दारात सगळं मांडलेलं. जांभळं कापड, कोरोसो ताडाची पिवळी फुलं, रस्त्यावर पाइनच्या हिरव्या सुया अंथरलेल्या. ती स्वतः काळ्या शालीत, हातात फडकं. पाद्रे बॅटरीवरचा कर्णा घेऊन पुढे चालत राहिले. सगळे खांदेकरी माझ्याकडे बघत होते. मी घंटेला हात लावला नाही. तिच्या पाइनच्या सुया तुडवत आम्ही पुढे गेलो आणि ओब्दुलियाच्या दारात, ऐन चढावर, जिथे काठी नीट टेकतसुद्धा नाही, तिथे थांबलो. ओब्दुलियाने गुलाबपाण्यात भिजवलेलं रेशमी फडकं काढलं. सगळा रस्ता दरवळला.

घरी चाबेलाने अंड्यात घोळून तळलेला सुका मासा माझ्यापुढे आदळला. "खा पोटभर. घंटा न वाजवायला ताकद लागते."

मला लाज वाटत होती, हे कबूल करतो. पण पुढच्या शुक्रवारीही मी वाजवली नाही, आणि त्याच्या पुढच्याही. मी स्वतःला म्हणायचो, पाद्रे आहेत, त्यांना कळत असेल. तिमोतेआ दर शुक्रवारी ताजी फुलं, ताज्या सुया घालून उभी असायची. कुणाला शिव्या नाहीत, रडणं नाही. आम्ही गेलो की रस्ता झाडायची आणि शनिवारी पहाटे गिरणी सुरू.

चौथ्या शुक्रवारी व्हायचं ते झालं. ओब्दुलियाने गालावरून फडकं फिरवलं आणि फडक्याबरोबर गाल आला. दोनशे वर्षांचा रंग, तीन आठवडे गुलाबपाणी पिऊन फुगलेला, सोलून निघाला आणि खालचा पांढरा चुना दिसायला लागला. ओब्दुलिया किंचाळून आत पळाली. आम्ही तसाच डाग घेऊन टेकडी चढलो. वाटेत म्हाताऱ्या बायका धाय मोकलून रडत होत्या, आणि मला वाटत होतं की त्यातला निम्मा डाग माझा आहे.

सोमवारी मी तिमोतेआच्या गिरणीचा चामडी पट्टा शिवत बसलो होतो, तेव्हा पाद्रे आले. फाइल होतीच.

"दोन्या तिमोतेआ, चेहऱ्याचं काय करायचं?"

"काही करायचं नाही. पाणी नको, तेल नको. ईस्टर झाल्यावर जुन्या रंगाचं कळणारा माणूस बोलवा. तोवर कोरडं सुती फडकं, तेही पन्नासदा धुऊन मऊ झालेलं, आणि डागाच्या कडेला हात लावायचा नाही."

"हे आधी सांगायचं होतंत."

"विचारायचं होतंत."

पाद्रेंनी फाइल काखेत धरली. मग म्हणाले, "मी खूप विचार केला. एक वाट आहे. आन्सेल्मोंनी ईस्टरपर्यंत त्यांच्या बहिणीकडे राहायला जायचं. दोघांनी तसं मला लिहून द्यायचं. मग सहावं स्थान तुमचं, या शुक्रवारपासून."

"आणि ईस्टरनंतर?"

"ईस्टरनंतर मी विचारायला येणार नाही."

"म्हणजे पंधरा दिवस मी खोटं वागायचं आणि उरलेलं वर्ष तुम्ही डोळे मिटून घ्यायचे. पाद्रे, यातलं पाप कुणाच्या नावावर लिहू?"

पाद्रेंचे कान लाल झाले. "गुरुवारपर्यंत सांगा," एवढंच म्हणून ते गेले. मला त्यांची दया आली, खरं सांगतो. त्या माणसाने आपल्या परीने दार किलकिलं केलं होतं. पण त्या फटीतून आत जायचं तर वाकून जावं लागणार होतं, आणि ही बाई वाकणारी नाही.

आन्सेल्मो मागच्या अंगणात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळाने तो पुढे आला, खांद्याला पिशवी. पिशवीत दोन शर्ट आणि दाढीचं सामान.

"जातो मी रुफिनाकडे."

"ठेव ती पिशवी."

"अगं, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. आईचं स्थान माझ्यापायी कशाला घालवतेस? आणि तसाही शुक्रवारी पालखी येते तेव्हा मी मागेच असतो. कुणाला काय फरक कळणार आहे?"

तिमोतेआ मक्याच्या पोत्यावर बसली. तिला बसलेली मी गिरणीत कधी पाहिली नव्हती.

"मागे कशाला असतोस?"

"तूच म्हणालीस ना. पहिल्या वर्षी. लोक आईला बोलतील, तू पुढे येऊ नकोस म्हणालीस."

"आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आन्सेल्मो."

"झाली. पण तू पुढे ये असं काही म्हणाली नाहीस." हे तो कुरकुरून बोलला नाही. जेवायला काय आहे असं विचारावं तसं बोलला.

मी पट्ट्यात मान खुपसली. ती उठली, त्याच्या पिशवीतले शर्ट काढले, झटकले, खिळ्याला परत अडकवले. मग मला म्हणाली, "सेबियो, शिवून झाला असेल तर चढव पट्टा. संध्याकाळच्या बायका येतील."

गुरुवारी पाद्रेंना तिचा निरोप गेला. नाही, एवढाच. शुक्रवार होता दुःखी मातेचा, झावळ्यांच्या रविवाराआधीचा. देवळातल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडांखाली गेल्या होत्या, बाहेर फक्त आमचा नाझरेनो, गालावर डाग घेऊन. ओब्दुलियाचं डोकं दुखत होतं, तिच्या खिडक्या बंद. पाद्रेंनी निघतानाच मला बजावलं, "सहावं स्थान चालता चालता वाचू. पालखी थांबणार नाही."

मी घंटा वाजवली असं सांगायला मला आवडेल, पण खरं ते सांगतो. आधी थांबला वेन्सेस्लाओ, डावीकडचा पहिला, वीटभट्टीवाला. "माझा खांदा भरून आला," तो मोठ्याने म्हणाला, आणि या माणसाचा खांदा बैलाचा आहे. त्याच्या मागचे थांबले. तेव्हा कुठे मी एक टोल दिला आणि वीस काठ्या तिमोतेआच्या दारापुढे लागल्या.

पाद्रे दहा पावलं पुढून वळले. "सेबियो, चला."

"पाद्रे, चढ आहे. माणसं दमलीत."

आणि बाईचा पत्ता नाही. दार उघडं, फुलं मांडलेली, स्टूल रस्त्यात ठेवलेलं, पण ती नाही. मग आतून आवाज.

"चल म्हणते ना."

"अगं, हाताला ग्रीस आहे."

"असू दे. त्याच्याही हाताला सुताराचे घट्टे होते."

ती बाहेर आली ती आन्सेल्मोला बाहीला धरून. त्याच्या अंगात पांढरा शर्ट, बोटं काळी, आणि नजर जमिनीवर. तो आपल्याच दारात परक्यासारखा उभा राहिला. गल्लीतली शे-दोनशे माणसं टाचा उंचावून बघत होती. "स्टूल धर," ती म्हणाली. तो वाकला आणि दोन्ही हातांनी त्याने स्टूल धरलं. ती चढली आणि नाझरेनोचं कपाळ पुसायला लागली, मग भुवया, मग डागाला वळसा घालून हनुवटी.

पाद्रे मागे आले. त्यांना हळूच बोलायचं होतं, पण कर्ण्याचं बटण दाबलेलंच राहिलं होतं, त्यामुळे त्यांची कुजबुज वरच्या कपेलपर्यंत गेली.

"दोन्या तिमोतेआ, हा गृहस्थ इथे कशाला?"

तिने मागे वळून पाहिलं नाही. तिचा हात येशूच्या चांगल्या गालावर होता.

"हा माझा नवरा," ती म्हणाली.

गिरणीत ती त्याला आन्सेल्मो म्हणायची, सरकारी कचेरीत सोबत राहणारा म्हणून लिहायची, देवळात काहीच म्हणायची नाही. हा शब्द आमच्यापैकी कुणीही तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आन्सेल्मोनेही नसावा. त्याची मान एकदम वर झाली.

"कागद नाही, पण नवरा आहे," ती पुढे म्हणाली. "एकतीस वर्षं दर शुक्रवारी मी याला मागच्या दाराआड लपवला, ते माझं पाप. तेवढं माझ्या नावावर लिहा, दुसरं कुठलंही लिहू नका. आणि आता वाचा, पाद्रे. माणसं उन्हात उभी आहेत."

पाद्रे इहिनियोंनी कर्णा तोंडाशी नेला, खाली घेतला, पुन्हा वर नेला. मग त्यांनी सहावं स्थान वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आणि ते संपेपर्यंत आन्सेल्मोने स्टूल सोडलं नाही.