घरी सांगितलंत का?

"घरी सांगितलंत का?" हा फादरांचा पहिला प्रश्न होता. पुढचे सात-आठ महिने ते अधूनमधून तो विचारत राहिले.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जुळे सोलापुरात एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटीच राहायची आणि एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. माझ्या वर एक निवृत्त नर्स राहत. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांचे गुडघे गेले, तेव्हा रविवारी चर्चमधल्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, मी त्यांना स्कूटीवरून सोडायला लागले. आधी बाहेर थांबायची. मग ऊन लागतं म्हणून मागच्या बाकावर बसायला लागले. दोन वर्षं नुसती बसले. मावशींनी कधी 'ये' म्हटलं नाही, 'का येतेस' असंही विचारलं नाही. एका रविवारी त्या तापानं घरी पडून होत्या आणि तरीही मी साडेसातला आवरून जिना उतरत होते. तेव्हा कळलं, की मी आता त्यांच्यासाठी जात नाही.

त्याच दिवशी मी फादरांना म्हटलं, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. ते उठले आणि ऑफिसचं दार पूर्ण उघडून आले. "कुणी काही देऊ केलंय? नोकरी, उपचार, काहीही?"

"नाही."

"मग घाई नाही. वर्षभर दर गुरुवारी संध्याकाळी सहाला या. ऐका, शंका विचारा. पटलं नाही तर मधेच थांबा, कुणी रागावणार नाही. मावशी तुमच्या धर्ममाता होतील, बाप्तिस्म्याला तुमच्या बाजूनं उभ्या राहतील. शेवटी वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करू, की हे स्वखुशीनं करतेय. आणि घरी सांगा. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत."

घर म्हणजे मंद्रूपला अव्वा आणि अण्णा, माझी आई आणि थोरला भाऊ. आमचं घराणं लिंगायत. माझ्या गळ्यात लहानपणापासून लिंग होतं. मी सांगितलं नाही. पुढच्या अमावस्येला गेले की सांगू, असं म्हणत राहिले.

वर्गात आम्ही दोघंच होतो. दुसरे पद्मशाली घरातले साठीचे गृहस्थ, आयुष्यभर मागावर काम केलेले. कमी ऐकू यायचं, म्हणून ते पुढे वाकून बसत. एकदा फादर क्षमेबद्दल बोलत होते, तेव्हा या गृहस्थांनी विचारलं होतं, "मेलेल्या माणसाची माफी कशी मागायची?" कुणाची मागायची होती ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

सहा महिन्यांनी फादरांनी आम्हाला सगळ्यांसमोर पुढे बोलावलं. आमच्या कपाळावर, डोळ्यांवर, कानांवर अंगठ्यानं क्रूसाची खूण केली. त्या दिवसापासून आम्ही दीक्षार्थी, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वाटेवरचे झालो. बाहेर आले तर फाटकासमोर एक माणूस मोटारसायकलवर बसून मोबाइल बघत होता. मोबाइल आमच्याकडे वळलेला होता. मी मावशींना म्हटलं, "कुणाची तरी वाट बघतोय वाटतं." त्या पदर डोक्यावर ओढून स्कूटीकडे वळल्या.

पुढच्या गुरुवारी वर्गातले ते गृहस्थ आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन बंद होता. महिन्याभरानं मला ते भाजी मंडईत दिसले. मी हाक मारली. त्यांनी मला पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, आणि हातातली मेथीची जुडी तशीच टाकून ते गर्दीत शिरले. मी वळून बघितलं. मागे ओळखीचं कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. चर्चच्या भिंतीला लावलेली माझी स्कूटी, नंबर स्पष्ट. खाली एक अक्षर नाही. एका चुलतभावानं टाकला होता. ग्रुपमध्ये एकवीस माणसं, एरवी सकाळपासून फुलांची चित्रं पाठवणारी. दिवसभर कुणी काही लिहिलं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा एक फोटो आला. ह्या वेळी स्कूटीशेजारी मी होते.

त्यानंतर सातव्या दिवशी अण्णाचा फोन आला. "काय करालीस?"

"लॅबमध्ये आहे."

"रविवारी ये. अव्वा बोलवालीय."

मंद्रूपला पोचले तेव्हा सोप्यात अण्णा होता आणि त्याच्याबरोबर मला अनोळखी असे दोघं जण. त्यांनी चहा घेतला, नमस्कारही केला. त्यातला एक माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "ताई, गुरुवारी लवकर सुटता की लॅबमधून." मी लॅबमध्ये काम करते हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

अव्वा आत चुलीपाशी होती. मी शेजारी बसले आणि जे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं ते सगळं सांगून टाकलं. ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "मेल्यावर तुला कुटं पुरनार?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"आपल्यात बसवून पुरत्यात, हातात लिंग दिऊन. त्यांच्यात निजवत्यात म्हनं. तुज्या बापाशेजारी जागा ठिवलीय मी. ती कुनाला दिऊ?"

"अव्वा, अजून खूप वर्षं आहेत."

"व्हय का?" ती म्हणाली आणि तिनं सोप्याकडं बघितलं.

निघताना अण्णा रस्त्यापर्यंत आला. तो हळू बोलला, ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "तू शानी हायस. मी तुला आडवनार न्हाय. पन मी एकटा न्हाय हितं. ती मानसं मला इचारत न्हाईत, सांगत्यात. कळालं?"

मी फादरांना सगळं सांगितलं. "आपण पुढच्या वर्षी करू शकतो. देव थांबतो," ते म्हणाले. वकिलानंही प्रतिज्ञापत्र पुढे सरकवताना तेच सुचवलं. "बाई, हा कागद कुठं कुठं जाईल ते माझ्या हातात नाही." मी सही केली. धीट होते म्हणून नाही. थांबले असते तर त्या हसणाऱ्या माणसानं मला थांबवलं असं झालं असतं, आणि ते मला आयुष्यभर गिळता आलं नसतं.

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी दिवे मालवलेल्या चर्चमध्ये माझ्या डोक्यावर तीनदा पाणी ओतलं. मग कपाळाला तेल लागलं, मग पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद जिभेवर आला. मावशींचा हात माझ्या खांद्यावर होता. मी रडले. खरंच आनंद झाला होता. पण फाटक दोनदा करकरलं, तेव्हा अख्खं चर्च मागे वळलं. वारा होता.

त्यानंतर फोटो आले नाहीत. ग्रुपमधून मला काढलं होतं, त्यामुळे आले असतील तरी मला दिसले नसते.

जूनमध्ये वहिनीचा फोन आला. अव्वाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापुरातच एका दवाखान्यात झालं होतं, ती अजून तिथेच होती. "एक ते दोनमधी ये. तवा कोन नसतंय," ती कुजबुजली.

अव्वा खाटेवर टेकून बसली होती, एका डोळ्यावर पट्टी. मी हात धरला.

"यारू?" तिनं कन्नडमध्ये विचारलं. कोण?

"मी, अव्वा."

तिनं हात सोडला नाही. बोटांनी माझं मनगट, कोपर, दंड चाचपला, जसं पडलेल्या पोराला कुठं लागलंय बघतात तसं. मग अगदी हळू म्हणाली, "तुला कोन काय केलं न्हाय नव्हं?"

"नाही."

"ती मानसं अजून येत्यात घरी. तुजं लॅब, तुजा जिना, समदं लिवून घेतल्यात. अण्णा भाकर खाईना झालाय." तिनं माझा हात घट्ट दाबला. "घर बदल की."

मी नकारार्थी मान हलवली, पण ते तिला दिसलं नसावं. मावशींना सोडून कुठं जाणार, असं म्हणणार होते, तेवढ्यात दारातून आवाज आला. अण्णा डबा घेऊन उभा होता. त्याची दाढी वाढली होती आणि तो खूप थकलेला दिसत होता. तो आत आला. डबा टेबलावर ठेवून खिडकीपाशी गेला, त्यानं खाली रस्त्यावर बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

"मागच्या जिन्यानं जा," तो म्हणाला.