उकिरडा म्हणजे उकिरडाच!

उत्खनन शिबिरात सापडलेली प्रत्येक वस्तू सरकारजमा होते. किस्से मात्र कोणी जमा करून घेत नाही, त्यामुळे ते आमच्याकडेच साठत राहतात! पुण्यात पुरातत्त्वाच्या बॅचची आम्ही चौघं चहाला भेटलो, की विषय एकच. आमचं पहिलं शिबिर, म्हणजे फील्ड स्कूल, आणि त्यातली निलोफर.

* * *

निलोफर नाना पेठेतली, वडिलांचं कुलपांचं दुकान. शिबिराला निघालो तेव्हा माझा मामेभाऊ आम्हाला एसटी स्टँडवर सोडायला आला होता. हिंजवडीत आयटीत आहे. म्हणाला, "एवढं शिकून शेवटी खड्डेच खणणार ना?"

निलोफर म्हणाली, "हो. तुमच्या हिंजवडीच्या रस्त्यांवर ते आयते मिळतात!"

* * *

शिबिरात पोचताच एका सीनियरने फर्मान काढलं, "मुलं खणतील, मुली खापरं धुतील."

"का? मुलांना पाण्याची अ‍ॅलर्जी आहे?" निलोफरने विचारलं.

शिबिर घेणारे आमचे सर हसले नाहीत. त्यांनी खापरं धुवायच्या ब्रशांची बादली उचलून त्या सीनियरच्याच हातात दिली!

* * *

मी बॅचची टॉपर. मातीचे थर तोंडपाठ. पण खड्ड्याच्या भिंतीत मला एकच थर दिसे, माती! रडकुंडीला आले.

सर म्हणाले, "अहो, रंगीत थर पुस्तकात. इथे पाणी शिंपडा आणि बघत बसा."

हट्टाने बसले. दुपारी राखेची बारीक रेघ दिसली आणि मी अशी किंचाळले, की शेजारच्या शेतातला बैल दावं तोडून पळाला!

* * *

आणि हा अण्णांचा किस्सा. अण्णा म्हणजे शेताचे मालक, गावचे पुढारी. शिबिर अर्ध्यावर असताना ते पत्रकार घेऊन आले. सोबत 'प्राचीन राजवाडा' असा रंगवलेला बोर्ड!

"सांगा मॅडम, काय घावलं?" अण्णांनी खड्ड्यात डोकावून विचारलं.

निलोफर खड्ड्यातून म्हणाली, "उकिरडा. राख, हाडं, फुटकी मडकी. लोक काय खात होते, ते यातूनच कळतं."

"राजवाडा म्हना. न्हाईतर उद्यापासून माझ्या शेतात पाय ठेवायचा न्हाई!"

आम्ही सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "खड्डा तिचा आहे. ती म्हणेल ते."

"नाव काय गं तुझं?"

"निलोफर."

"मग तुला काय कळनार आमचे पूर्वज!"

निलोफरने हातातली खुरपी पँटला पुसली आणि वर धरली.

"या ना अण्णा. पूर्वज तुमचे आहेत, तुम्हीच खणा."

अण्णांनी स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांकडे पाहिलं. पत्रकारांकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि म्हणाले, "शिडी कुठं हाय?"