पाठीवरच्या टाळ्या

चहा ओता आधी, मग सांगते. कारण माझा हा घोटाळा ऐकून तुम्ही हसायला लागता आणि माझा चहा थंड होतो!

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. एका जागी बसणं मला जमत नाही. बसले तर पाय हलतो, पाय धरून ठेवला तर बोटं वाजतात. अशा बाईला देवानं काम काय द्यावं? तर वन्संचे डोळे आणि कान व्हायचं!

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, शालन. चौथीत असताना देवी आल्या, त्यात डोळे गेले. पुढं तापात कानही गेले. राहिली ती जीभ, आणि तिला आमचं सगळं आष्टा गाव टरकून असायचं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे तळहातावर बोटानं अक्षरं काढायची. सभेसाठी आम्ही वेगळ्या खुणा ठरवल्या होत्या. लोक हसले तर पाठीवर तळवा फिरवायचा. टाळ्या पडल्या तर पाठीवर बोटांनी ताशा वाजवायचा. आणि मनगट दाबलं म्हणजे, बरोबर आहे, चालू द्या.

गोष्ट सत्तरनंतरची. वन्संनी सांगली-साताऱ्यातून आपल्यासारखीच, डोळे आणि कान दोन्ही गमावलेली माणसं हुडकून काढली आणि त्यांचं मंडळ काढायचं ठरवलं. पहिली सभा इस्लामपुरात. तिथल्या एका बड्या बागायतदारांनी, आपण त्यांना दादासाहेब म्हणू, मंडळाला बाजारातली खोली देऊ केली होती. आता खोली त्यांची, तर अध्यक्षही तेच, असं सगळे धरून चालले होते. एकट्या वन्सं सोडून!

"खोली त्येंची असू दे," एसटीत वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या. त्यांचं कानाशी बोलणं ड्रायव्हरलाही ऐकू गेलं. "पर खुर्चीत आमच्यातलंच मानूस पायजे. न्हाईतर आमी काय देव्हाऱ्यातलं देव? दुसऱ्यानं उचलायचं, दुसऱ्यानं ठेवायचं! मी उभी ऱ्हानार हाय. तू फकस्त जे घडंल ते सांगत जा."

'सांगते,' मी तळहातावर लिहिलं. त्यात काय अवघड आहे, असंच वाटलं होतं मला!

खोलीत सतरंजीवर सगळे बसले, प्रत्येकाशेजारी घरचं कुणीतरी. पाठीवरच्या खुणा वन्संनी सगळ्यांना आधीच शिकवल्या होत्या. आमच्या पुढं पाटणचे सर्जेराव. पलटणीत सुरुंग फुटून डोळे-कान गेलेले, पण मिशीचा पीळ कायम. शेजारी त्यांच्या बायको पारूबाई.

दादासाहेब बोलायला उठले. माणूस वाईट नव्हता हो, पण भाषण! ऊस झाला, पाऊसपाणी झालं, आजोबांचा दानधर्म सुरू झाला. मी लिहीत होते. मग मनात आलं, आजोबा गाळले तर वन्संचं काय बिघडणार आहे? गाळले. पणजोबा आले, तेही गाळले. मला पाचची एसटी दिसायला लागली. लेकरू शेजारणीकडं ठेवून आलेले मी, ते रडून रडून आकांत करत असेल. जीव नुसता खाली-वर! हात तेवढा वन्संच्या पाठीवर होता. आणि बोटं? बोटं आपली वाजतायत! माझं लक्षच नाही.

वन्संचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं, भूक लागली असेल.

"थांबा!" वन्सं ताडकन उभ्या राहिल्या. दादासाहेब पणजोबांपाशीच थांबले. "मगापास्नं दादासायबांच्या शब्दाशब्दाला टाळ्या पडत्यात. मानसांच्या मनात कोन हाय ते मला कळलं. मी माघार घेते."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. टाळ्या? कुठल्या टाळ्या? मीसुद्धा इकडंतिकडं बघितलं! मग नजर माझ्याच हाताकडं गेली. अगं आई गं!

त्यांना खाली बसवावं म्हणून मी घाईघाईनं त्यांचं मनगट घट्ट धरलं. म्हणजे काय केलं मी? चालू द्या म्हणाले!

"व्हय, दादासायबच अध्यक्ष हू देत. पाच वर्सं हू देत!"

"अवं नको, नको!" मी किंचाळले, आणि दोन्ही हातांनी त्यांची पाठ बडवली. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यावर किंचाळून काय उपयोग? आणि पाठीवर तर टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"येवढी हौस हाय व्हय समद्यांस्नी?" वन्संचा आवाज कापरा झाला. "मग तहहयात हू देत!"

दादासाहेबांनी टोपी काढली, घाम पुसला आणि टोपी उलटी घातली.

इकडं पारूबाईंनी सर्जेरावांच्या हातावर सगळं लिहिलं. सर्जेराव गरजले, "टाळ्या? आन मला येकबी दिली न्हाईस? टाळ्या लपीवतीस व्हय गं?"

"आवं, पडल्याच न्हाईत तर देऊ कुठनं? घरनं आनू?" पारूबाई तोंडानं ओरडत होत्या आणि बोटानं तेच लिहीत होत्या.

"मग शालनताईंच्या पाठीवर कोन वाजवतंय?"

सगळ्यांच्या नजरा माझ्या हातांवर. लपवू कुठं? मी वन्संचा तळहात घेतला आणि लिहिलं, 'टाळ्या नव्हत्या. माझी बोटं होती. मला कंटाळा आला होता. भाषणातले आजोबा-पणजोबाही मी गाळले.'

"परत लिव," वन्सं म्हणाल्या. परत लिहिलं.

मला वाटलं, आता हसतील. हसल्या नाहीत.

"सुमे, कंटाळा आला तर आला म्हनून सांगायचं. तुज्या बोटांवर मी घरला निघाली हुती गं! मला काय कळावं न् काय न्हाई, ते तू ठरवायचं न्हाईस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पण वन्संना माझ्या रडण्याशी काय घेणं? त्या सभेकडं वळल्या होत्या. "माघार मागं घेते!"

"घ्या, घ्या ताई!" दादासाहेब घाईनं म्हणाले. "तहहयात म्हनल्यावर माजीच छाती धडधडाय लागली हुती."

हात वर झाले. वन्सं अध्यक्ष! खुर्चीत बसल्या आणि लगेच पहिला ठराव मांडला. शेजारी बसणाऱ्यानं मनचं घालायचं नाही, मनानं गाळायचं नाही. आणि पुढच्या सभेपासून सुमनला कुणाच्या पाठीला हात लावू द्यायचा नाही.

एकमतानं मंजूर! आणि आता टाळ्या पडल्या, खऱ्या, कडाडून, दादासाहेबांच्यासुद्धा. त्या वन्संच्या पाठीवर वाजवायच्या कुणी? मीच! वाजवल्या.

"ह्या तरी खऱ्या का?" वन्संनी विचारलं.

'खऱ्या,' मी लिहिलं. विश्वास बसेल तर शपथ! त्यांनी पारूबाईंना बोलावून घेतलं आणि पाठ पुढं केली. पारूबाईंनी दहा बोटांनी असा ताशा बडवला, की वन्सं खुर्चीत हलल्या.

"बगा!" वन्सं सगळ्या सभेला म्हणाल्या. "हितंबी निम्म्या गाळल्या हुत्या भवानीनं!"

आणि खरं सांगू? गाळल्याच होत्या.