सोलापुरात हीटर लावणारी बाई

आमच्या गाडीचा तापमानाचा काटा कधी वर चढत नाही, याचा आमच्या घराला मोठा अभिमान होता. मे महिन्यात डांबर चपलेला चिकटायचं, लोकांच्या गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत रस्त्याकडेला उभ्या असायच्या आणि आमची म्हातारी मात्र थंडगार. आमचे हे पाहुण्यांना मुद्दाम पुढच्या सीटवर बसवून काटा दाखवायचे. "बघा, जागचा हलत नाही!" मीही मान डोलवायची. गाडीला चार चाकं असतात आणि पाचवं डिकीत पंक्चर होऊन पडलेलं असतं, एवढंच माझं यंत्रज्ञान.

चाळिशी उलटल्यावर मी ती चालवायला शिकले. आमच्या फाटकाचा डावा खांब अजून त्याची साक्ष देतो. पण शिकले, आणि माझा धंदा उभा राहिला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून कडा बिघडलेलं टॉवेलचं कापड आणायचं आणि घरी त्याची लहान मुलांची लाळेरी, टोपीवाले टॉवेल शिवायचे. मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे छपरापर्यंत बसतात. रिक्षावाले ते गठ्ठे बघूनच पुढच्या चौकात गिऱ्हाईक शोधायला जातात. तेव्हा गाडी गेली की माझं कारखान्यात जाणं यांच्या स्कूटरवर आणि यांच्या सवडीवर. आणि यांची सवड म्हणजे रविवारी, जेवण आणि त्यानंतरची झोप झाल्यावर. तोवर कारखान्याला कुलूप.

यंदा थंडीत, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली असताना, गाडी आजारी पडली. सिग्नलला थांबली की थरथरायची. इंजिनाचा आवाज वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर, आणि ऐन हिरवा दिवा लागला की बंद. मागून सगळं सोलापूर हॉर्न वाजवायचं. पेट्रोलचा वास तर माझ्या साडीलाही यायला लागला होता. त्यात तिची पंधरा वर्षांची मुदत संपत आलेली. पुन्हा नोंदणी करायची तर पीयूसी हवं, आणि पीयूसीवाल्याने धुराच्या नळकांड्यात आपली नळी घालून मान हलवली. "फेल हाय वैनी. लई धूर सोडती."

पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, तिचं वय झालंय. स्क्रॅपला देऊन टाक. लागेल तेव्हा कॅब मागव."

"मीही तेच म्हणतोय," हे म्हणाले. मेकॅनिकने प्लग बदलले, थ्रॉटल साफ केला, आणि काही फरक पडेना तेव्हा तोही यांना जाऊन मिळाला. "वयच झालंय वैनी, काय करनार?"

हे 'वय झालं' मला चांगलं ओळखीचं होतं. त्याच थंडीत मला एकाएकी घाम फुटायला लागला होता. घरातले सगळे चादरी गळ्यापर्यंत ओढून बसलेले आणि मी पंखा पाचवर करून. त्यावरही यांचं निदान तेच होतं. एका वाक्यात आम्हा दोघींचा निकाल! मी म्हणाले, "गाडी कुठेही जाणार नाही."

"मग चालणार कशी?"

"ते मी बघते."

बघते म्हणजे नेमकं काय बघते, हे मला तरी कुठे माहीत होतं?

पहिला शोध मी त्याच दुपारी लावला. टॉवेलचे गठ्ठे वाहून वाहून एअर फिल्टरमध्ये कापसाचा गोळा बसला असणार. डबी उघडली तर खरंच, एक लहानशी उशी भरेल एवढा कापूस निघाला. मी तो ताटात घालून यांच्यापुढे ठेवला. फिल्टर झटकला, फुंकला, परत बसवला, मोठ्या तोऱ्यात चावी फिरवली. गाडी थरथरली आणि बंद पडली. यांनी ताट दोन बोटांनी बाजूला सारलं.

मी तशीच पुन्हा पीयूसीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "गार गाडी आनलीय तुमी. जरा फिरवून, गरम करून आना की."

गावाबाहेर थेट होटगीपर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा फेल.

"वैनी, फिरवली न्हाय तुमी."

"अहो, होटगीला जाऊन आले!"

"मंग गरम झाली न्हाय."

खोटारडी ठरवतो म्हणून मी चिडले, आणि चिडल्याबरोबर घामाने डबडबले. काचा खाली केल्या. बाहेरचे लोक कानटोप्या घालून चाललेले. माझं हे एक नशीब, म्हटलं, बसल्याजागी पेटते. आणि ही? होटगीला जाऊन आली तरी...

मी काट्याकडे बघितलं. आमचा अभिमान. अगदी तळाशी, जागचा न हललेला.

मग मी असं काही केलं, जे आमच्या गाडीत कधी कुणी केलं नव्हतं. हीटर लावला. बटण इतकं घट्ट बसलेलं की दोन्ही हातांनी फिरवावं लागलं. पीयूसीवाला काचेशी वाकला. "वैनी, बरं हाय न्हवं?" आतून वारा आला तो चक्क गार. होटगीची फेरी मारून आलेल्या इंजिनाचा वारा, आणि त्यावर पापड वाळत घातला तरी ओलाच राहील.

मेकॅनिककडे जाऊन विचारलं, "हिला गरम कोण होऊ देत नाही?"

तो हसला. "गरम कशी हुईल? थर्मोस्टॅट काढलाय की. साहेबांनीच काढायला लावला. गेल्या उन्हाळ्यात रेडिएटरचा फॅन बी डायरेक्ट केलाय, चावी फिरवली की चालू."

थर्मोस्टॅट म्हणजे एक लहानशी झडप. इंजिन तापेपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. सोलापूरच्या उन्हाला भिऊन इथे लोक ती काढूनच टाकतात. म्हणजे उन्हाळ्याच्या धास्तीने आमची गाडी बारा महिने हुडहुडत होती, आणि थंडीत म्हाताऱ्यांना चहा लागतो तसं जास्तीचं पेट्रोल पीत होती. ते धड जळायचं नाही, तोच तो वास आणि तोच तो धूर.

"पन मंग एवढी वर्सं पीयूसी कसं मिळालं?" मेकॅनिक म्हणाला. प्रश्न बरोबर होता. मी गाडीतली जुनी सर्टिफिकेटं काढून तारखा बघितल्या. हे दरवर्षी सुट्टीत, भर मे महिन्यात पीयूसी काढायचे. तेव्हा गाडी तापवायचं काम सोलापूर स्वतःच करायचं! यंदा ते काढायचं राहिलं आणि गाठ जानेवारीशी पडली.

"घाला ती झडप," मी म्हणाले. "फॅनही पहिल्यासारखा जोडा."

"उन्हाळ्यात इंजिन बसलं तर मला बोलायचं न्हाय बगा."

"नाही बोलणार."

"साहेबांना इचारलंय का?"

"चालवतं कोण?"

झडप बसली त्या सकाळी हेही आले, गाडीला शेवटचं बघायला यावं तसे. मी चावी फिरवली. काही वेळ काही नाही. मग काटा हलला. आमच्या घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदा! तो वर चढायला लागला तसे हे खिडकीला चिकटले. "अगं, तापली! बंद कर!"

"थांबा."

"बंद कर म्हणतो ना! इंजिन जाईल!"

मेकॅनिकही आपलं फडकं पिळत माझ्या तोंडाकडे बघत होता. खरं सांगते, मलाही भीती वाटत होती. इंजिन गेलं असतं तर मुलाचा फोन, यांचा चेहरा, आणि नंतर जन्मभर प्रत्येक लग्नकार्यात ही गोष्ट. पण मी चावीवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. "तापू दे तिला," मी म्हणाले. "तापायचंच असतं."

काटा मधोमध आला आणि थांबला. पुढे फॅन आपोआप घरघरला, जरा वेळाने आपोआप गप्प झाला. आणि इंजिनाची ती वरखाली, तो थरकाप, कुठेच नाही. बॉनेटवर ठेवलेला मेकॅनिकचा पाना वाजेना तेव्हा माझ्या लक्षात आलं.

दुपारी पीयूसी मिळालं. पीयूसीवाल्याने विचारलं, "आता कुटं फिरवून आनली?" मी म्हणाले, "कुठंच नाही. घरूनच गरम आलेय."

नोंदणीचं काम झालं. मुलाने फोनवर "उन्हाळा येऊ दे, मग बघू" असं म्हटलंय. येऊ दे की.

परवा गठ्ठे आणायला निघाले तर हे म्हणाले, मीही येतो. रेल्वे फाटकापाशी थांबलो. गाडी शांत उभी. मी घामाघूम, माझी काच पूर्ण खाली, आणि हे मफलर कानावर ओढून कुडकुडत होते. "काच वर कर ना," म्हणाले.

काच मी वर केली नाही. हीटर लावून त्याची जाळी यांच्याकडे वळवली.